जगातलं पहिलं रेकॉर्ड झालेलं पक्ष्याचं गाणं ज्याचं होतं, तो श्यामा आपल्या सह्याद्रीतही राहतो

साल १८८९. जर्मनीतलं फ्रँकफर्ट. लुडविग कोच नावाच्या आठ वर्षांच्या पोराला वडिलांनी लाइपझिगच्या जत्रेतून एक भन्नाट खेळणं आणून दिलं. एडिसनचा फोनोग्राफ आणि सोबत मेणाची नळकांडी. भोंग्यासमोर आवाज केला की मेणावर बारीक रेघ कोरली जायची, आणि त्याच रेघेवरून सुई परत फिरवली की तो आवाज ऐकू यायचा.

आता आठ वर्षांच्या पोराच्या हातात असं यंत्र पडलं तर ते काय करेल? आपण असतो तर आधी शिट्ट्या मारल्या असत्या. कोचच्या घरात मात्र पाळलेले प्राणी-पक्षी भरपूर होते. त्यातल्याच एका पिंजऱ्यासमोर त्यानं भोंगा धरला. आतला पक्षी गायला आणि मेणावर उमटला.

आज माहीत असलेलं पक्ष्याच्या गाण्याचं हे सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग. गाणारा पक्षी होता श्यामा.

लुडविग कोच पुढे याच कामाचा बादशाह झाला. तो ज्यू होता. नाझींच्या राजवटीत १९३६ मध्ये त्याला जर्मनी सोडून इंग्लंडला यावं लागलं. तिथं त्यानं रानातल्या पक्ष्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले आणि पुढे बीबीसीच्या रेडिओवरून ते घराघरांत पोहोचवले. १९७४ साली तो गेला, पण आज आपण मोबाइलवर पक्ष्यांचे जे आवाज ऐकतो त्या सगळ्या प्रकाराची सुरुवात त्या पिंजऱ्यासमोर झाली, असं म्हणायला हरकत नाही.

गंमत म्हणजे ज्या श्यामाचा आवाज १३० हून अधिक वर्षांपूर्वी जर्मनीत रेकॉर्ड झाला, तो मूळचा तिकडचा नाहीच. तो आशियातला. भारतापासून म्यानमार, थायलंड, मलेशिया, इंडोनेशियापर्यंतच्या जंगलांत राहणारा. आपल्याकडे कर्नाळ्यात आहे, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात आहे, आंबोलीत आहे, गोव्यात बोंडला आणि मोलेच्या रानात आहे. त्याच्या शास्त्रीय नावातच मलबार आहे, 'कॉप्सिकस मलबारिकस'.

तरीही शंभरातल्या नव्वद जणांनी तो पाहिलेला नसतो. का, ते पुढे येईलच.

दिसतो कसा?

तुमच्या सोसायटीच्या गच्चीवर किंवा अँटेनावर बसून सकाळी सकाळी गाणारा काळा-पांढरा दयाळ तुम्ही नक्की पाहिला असेल. श्यामा हा त्याचाच सख्खा चुलतभाऊ. दोघांचं कुळ एक, पण स्वभाव उलटे. दयाळ माणसात रमणारा. श्यामा रान सोडत नाही.

नराचं डोकं, पाठ आणि छाती चकाकती निळसर काळी. पोट तांबूस तपकिरी, चांगल्या भाजलेल्या विटेसारखं. शेपटीच्या बुडाशी पाठीवर पांढराशुभ्र ठिपका, आणि तोच त्याची खरी ओळख. अंधाऱ्या झाडीतून काहीतरी काळं भुर्रकन गेलं आणि मागे पांढरं चमकलं, की समजायचं श्यामा. शेपूट लांबलचक, काळी, कडेची पिसं पांढरी. शेपटीसकट नराची लांबी २३ ते २८ सेंटीमीटर भरते, पण त्यातली बरीचशी शेपूटच. वजन जेमतेम तीस ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कोंबडीच्या अंड्यापेक्षाही हलका.

मादीचे रंग तेच पण उतरलेले. काळ्याच्या जागी राखाडी-तपकिरी, शेपूटही आखूड. आणि नाव बघा, श्यामा! नाव बाईचं, पण ज्या गाण्यासाठी तो प्रसिद्ध आहे ते मुख्यतः नराचं. मादीही गाते, पण थोडकं.

राहतो कुठं?

झाडाच्या शेंड्यावर शोधाल तर सापडणार नाही. श्यामाचा सगळा संसार जंगलाच्या तळमजल्यावर. कारवी, बांबूची बेटं, वेलींची जाळी, ओढ्याकाठची गच्च झाडी, जिथं भर दुपारीही सावली असते. तिथं जमिनीपासून थोड्याच उंचीवरच्या फांदीवर बसायचं, खाली पाचोळ्यात काही हललं की झडप घालायची आणि परत वर. किडे, मुंग्या, नाकतोडे, भुंगे हे मुख्य खाणं. पावसाच्या सुरुवातीला वाळव्यांना पंख फुटून त्यांचे थवे बाहेर पडतात, तेव्हा मेजवानी.

म्हणूनच तो दिसत नाही. अंगरंगच असा की सावलीत विरघळून जावा. जंगलात गेलात तर आधी ऐकू येईल ते गाणंही नसेल. जिभेनं टाळूवर 'टक्' करतो तसा कोरडा आवाज येईल. 'टक्, टक्'. याचा अर्थ, तुम्ही त्याला पाहण्याआधी त्यानं तुम्हाला पाहिलंय.

आणि मग गाणं

पहाटे, नीट उजाडायच्या आधी, आणि संध्याकाळी बाकीचे पक्षी गप्प झाल्यावर श्यामा गातो. संध्याकाळी तर अंधार पडेपर्यंत त्याचं चालू असतं. भरदार, गोल आवाज. एक ओळ म्हणायची, जरा थांबायचं, मग दुसरीच ओळ. मधेच एखाद्या वेगळ्याच पक्ष्याची नक्कल. ऐकणाऱ्याला वाटतं झाडीत चार-पाच पक्षी बसलेत. असतो एकटाच.

एवढ्याशा जिवाला हे जमतं कसं? आपला आवाज गळ्यात तयार होतो. पक्ष्यांचा आवाज त्याहून खाली, श्वासनलिका जिथं दोन फुप्फुसांसाठी दुभंगते त्या फाट्यावर तयार होतो. गाणाऱ्या पक्ष्यांना त्या फाट्याच्या डाव्या आणि उजव्या बाजूवर वेगवेगळा ताबा ठेवता येतो. त्यामुळे एकाच वेळी दोन स्वर काढणं, किंवा एका बाजूवरून दुसरीवर झटकन उडी मारणं त्यांना शक्य होतं. आपल्याकडे एक पेटी असेल तर त्याच्याकडे दोन आहेत, आणि वाजवणारा एकच.

पण आवाजाचं यंत्र जन्मजात असलं तरी गाणं जन्मजात येत नाही. गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून शिकतात. आधी बोबडं, चुकतमाकत, मग हळूहळू पक्कं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता प्रश्न असा की तो गातो कशासाठी? आपल्याला वाटतं पक्षी आनंदानं गातो. त्याच्या मनात काय असतं ते कोण सांगणार, पण गाण्यामागची कामं स्पष्ट आहेत. एक, 'ही जागा माझी आहे, इकडे फिरकू नको' हे दुसऱ्या नरांना सांगणं. दोन, मादीला 'ये' म्हणणं. एकच गाणं, शेजाऱ्याला धमकी आणि जोडीदाराला आवतण.

हवाई बेटांवर श्यामांचा अभ्यास झालाय. तिथं विणीच्या काळात एका जोडीचं क्षेत्र सरासरी ०.०९ हेक्टर भरलं. आपल्या हिशेबात नऊ गुंठ्यांच्या आत. एवढ्याशा तुकड्यासाठी नर रोज पहाटे-संध्याकाळ गळा मोकळा करतो. गावाकडे बांधावरून चालणारी भांडणं आठवत असतील तर हे वेगळं समजावून सांगायला नको. फरक एवढाच की इथं बहुतेक वाद गाऊनच मिटतो, अंगावर जायची वेळ क्वचित येते.

(श्यामा हवाईला कसा पोहोचला, असं विचारत असाल तर तोही किस्सा आहे. हवाईच्या सखल भागातले मूळचे पक्षी जंगलतोड, उंदीर आणि डासांमुळे पसरणाऱ्या रोगांनी जवळजवळ संपले होते. सकाळी आवाज नाही म्हणून लोकांना चुकल्यासारखं व्हायला लागलं. मग बाहेरून गाणारे पक्षी आणून सोडायची टूम निघाली. १९३१ मध्ये काउआई बेटावर मलेशियातून आणलेले श्यामा सोडले गेले, आणि १९४० मध्ये 'हुई मानू' नावाच्या पक्षीप्रेमी मंडळानं ओआहू बेटावर. आज तिथं ते सहज दिसतात. तैवानमध्येही पिंजऱ्यातून सुटलेले श्यामा रानात पसरले. तिथं मात्र तो उपद्रवी पाहुणा समजला जातो, कारण तो स्थानिक पक्ष्यांशी भांडतो आणि त्यांचं खाणं खातो.)

संसार

आपल्याकडे विणीचा मुख्य काळ एप्रिल ते जून. नर मादीच्या मागे मागे उडतो, तिच्या वरच्या फांदीवर बसतो, किंचाळल्यासारखा एक आवाज काढतो आणि शेपटीचा पंखा करतो. तिला पटलं तर दोघं मिळून वर-खाली गिरक्या घेत उडतात. नाही पटलं तर ती चोच उघडून त्याला धमकावते. नर परत गायला मोकळा.

घरटं झाडाच्या ढोलीत. ही ढोली श्यामा स्वतः कोरत नाही, तेवढी ताकदवान चोचच नाही त्याला. जुन्या झाडाची कुजलेली पोकळी किंवा अशीच कुठली आयती जागा शोधायची. आत मुळं, पानं, काटक्यांची गादी मादी एकटी करते. नर तेवढा वेळ पहाऱ्यावर. अंडी चार-पाच, फिकट निळसर, त्यावर तपकिरी शिंतोडे. ती उबवण्याचं कामही मादीचंच. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात, मग भरवायला मात्र दोघंही राबतात. आणखी बारा-तेरा दिवसांत पिल्लं घरट्याबाहेर.

इथं एक गोष्ट बघा. श्यामाला जंगल हवं म्हणजे नुसती उंच झाडं नकोत. खाली दाट झाडोरा हवा आणि मधेमधे म्हातारी, पोकळ झालेली झाडं हवीत. आपण 'साफसफाई' म्हणून नेमकं तेच काढतो. फार्महाउसच्या जाहिरातीत 'क्लीन प्लॉट विथ ट्रीज' असं लिहिलेलं असतं ना, तिथं झाडं असतील पण श्यामा नसेल. दर उन्हाळ्यात डोंगरांना लागणारे किंवा लावले जाणारे वणवेही आधी तळमजलाच जाळतात, आणि तेही नेमके विणीच्या तोंडावर. वरून हिरवं दिसणारं रान खालून रिकामं असू शकतं.

गाणंच गळ्याशी आलं

आता मुख्य भानगड. श्यामाला सगळ्यात जास्त धोका झालाय तो त्याच्या गळ्यामुळेच.

इंडोनेशियात त्याला 'मुराई बातू' म्हणतात. जावा बेटावरची जुनी समजूत अशी की पुरुषाचं आयुष्य पुरं व्हायला पाच गोष्टी लागतात. घर, बायको, घोडा, कट्यार आणि पक्षी. घोडा-कट्यार मागे पडले, पक्षी राहिला. तिथं पक्ष्यांच्या गायनाच्या स्पर्धा भरतात. मांडवात रांगेनं पिंजरे टांगायचे, परीक्षकांनी फिरून आवाज, तान, दम, नकला सगळ्याला गुण द्यायचे. बक्षिसं मोठी, आणि जिंकणाऱ्या श्यामाची किंमत नव्या मोटारसायकलच्या पुढे जाते. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीतल्या नामी बैलाचा रुबाब आठवा, तसं.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकट्या जावा बेटावरच्या घरांमध्ये ६.६ ते ८.४ कोटी पिंजऱ्यातले पक्षी असावेत असा अंदाज निघाला. हे सगळ्या जातींचे मिळून. त्यातले बरेच पैदास केलेले असतात, श्यामाचीही पैदास होते. पण रानातून पकडलेल्याची मागणी संपत नाही. परिणाम असा की जावाच्या जंगलांत श्यामा जवळपास दिसेनासा झाला. मग सुमात्रा, मलेशिया, बोर्निओ इथून तस्करी सुरू. कपड्यांच्या बॅगेत, गाडीच्या दाराच्या पोकळीत, छोट्या डब्यांत कोंबून. वाटेत किती मरतात याची पर्वा कोण करतो?

२०१८ मध्ये इंडोनेशिया सरकारनं श्यामाला संरक्षित यादीत टाकलंही. पक्षी पाळणाऱ्यांनी इतका गोंधळ घातला की त्याच वर्षी त्याचं नाव परत काढावं लागलं. मग २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पनामात 'साइट्स' कराराची परिषद झाली, त्यात श्यामाला दुसऱ्या परिशिष्टात घेतलं. याचा अर्थ, आता एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचा तर परवाना लागतो. देशातल्या देशात काय चालतं, त्यावर हा करार काही करू शकत नाही.

कागदावर श्यामा जागतिक पातळीवर 'फारसा धोका नाही' याच गटात आहे, कारण त्याचा प्रदेश प्रचंड मोठा आहे. पण आकडा उतरतोय. आणि मोठ्या प्रदेशाचा हिशेब असाच फसवा असतो. एकेक जंगल रिकामं होत जातं आणि नकाशा तसाच रंगलेला दिसतो.

पक्षी कमी झाले की गाण्याचं काय होतं? मघाशी म्हटलं होतं ना, पिल्लं ऐकून शिकतात. ऑस्ट्रेलियात रीजंट हनीईटर नावाचा एक पक्षी फारच थोडा उरलाय. तिथल्या संशोधकांना २०२१ मध्ये आढळलं की काही तरुण नर भलत्याच जातीच्या पक्ष्यांची गाणी म्हणताहेत, कारण स्वतःच्या जातीचं गाणं शिकवायला आसपास कुणी मोठा नरच नाही. अशा नरांना जोडीदार मिळणंही अवघड जातं. श्यामाची आपल्याकडे ही वेळ आलेली नाही. पण एखाद्या खोऱ्यातले चांगले गाणारे नर वेचून नेले तर मागे राहिलेल्यांनी शिकायचं कुणाकडून?

भारतातही श्यामा पिंजऱ्यात ठेवायचा शौक जुना आहे. आता मात्र कायदा स्पष्ट आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनुसार देशी रानपक्षी पकडणं, विकणं बेकायदा आहे आणि ते घरात पाळताही येत नाहीत. श्यामा तर झालाच, पण पोपट आणि मुनियासुद्धा त्यात आले. बाजारात उघड मिळतात ते लव्हबर्ड, बजरीगर हे परदेशी मूळचे, त्यांची गोष्ट वेगळी. कुठं देशी पक्षी विकताना दिसला तर महाराष्ट्रात वन विभागाचा १९२६ हा हेल्पलाइन नंबर आहे.

आणि आपला मोबाइल

पिंजरेवाल्यांना नावं ठेवून झालं की आपल्याकडेही बघू.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका रानात आम्ही सात-आठ जण पक्षी बघायला गेलो होतो. तासभर श्यामा नुसता ऐकू येत होता, दिसत नव्हता. शेवटी एकानं खिशातून छोटा स्पीकर काढला आणि श्यामाचंच गाणं लावलं. अर्ध्या मिनिटात तो हजर! हातभर अंतरावर. शेपूट उडवतोय, या फांदीवरून त्या फांदीवर येतोय, छाती फुगवून गातोय. आम्ही खूश. कॅमेऱ्यांचा नुसता कडकडाट. मीही व्हिडिओ काढला, टाकला, लाइकही बरे आले.

तो आम्हाला भेटायला आला नव्हता, हे नंतर कळलं. त्याच्या नऊ गुंठ्यांत अचानक एक अनोळखी नर घुसून गातोय असं त्याला वाटलं होतं. तो भांडायला आला होता. दिसत नसलेल्या शत्रूला शोधत होता. मे महिना होता. तेवढा वेळ त्यानं ना किडे पकडले, ना ढोलीवर लक्ष ठेवलं. आमच्यानंतर दुसरा गट आला असेल, मग तिसरा. त्यांच्याकडेही स्पीकर असणारच. तो व्हिडिओ मी नंतर काढून टाकला.

आवाज ओळखणारी ॲप वापरायला काहीच हरकत नाही. ती ऐकतात, बोलत नाहीत. कोर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं 'मर्लिन' आहे, जगभरातले आवाज ठेवणारी 'झेनो-कँटो' ही वेबसाइट २००५ पासून आहे. श्यामाची रेकॉर्डिंग तिथं मिळतील. घरी बसून, हेडफोन लावून मनसोक्त ऐका. रानात मात्र स्पीकर खिशात ठेवा, त्यातही विणीच्या दिवसांत.

प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये जा. उजाडायच्या आधी पायवाटेवर पोहोचा, जिथं ओढा आणि बांबू दोन्ही आहेत अशी जागा बघा आणि खाली बसा. भडक कपडे नकोत, बडबड नको. पहिल्यांदा 'टक्' येईल. हलू नका. पाच-दहा मिनिटांत तुम्ही दगडासारखे निरुपद्रवी आहात हे त्याला पटलं, की तो गायला लागेल. आणि गाता गाता मधेच थांबून परत 'टक्, टक्, टक्' सुरू केलं, तर ढोली जवळपासच असणार. उठा आणि आल्या वाटेनं वीस पावलं मागे या.